नदी डाव्या हाताला

काँगो नावाचे देश दोन आहेत. एक मोठा, एक त्या मानानं छोटा. दोघांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचं नावही काँगोच. दोन्ही राजधान्या त्या नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत: मोठ्याची किन्शासा, छोट्याची ब्राझाव्हिल. दैनिकाच्या परदेश पानावर काम करत असताना मी दर आठवड्याला देशांच्या नावांतले गोंधळ सांगणारी एक चौकट लिहीत असे. हॉलंड आणि नेदरलँड्स, नायजर आणि नायजेरिया, इंग्लंड आणि ब्रिटन. दोन काँगोंची चौकट त्यातलीच, सोबत बोटभर नकाशा.

निवृत्त झाल्यावर या हिवाळ्यात एक फोन आला. नंबर कार्यालयातून मिळवलेला.

"मॅडम, तुमी लिवलं होतं का काँगो दोन हायत. आमचा पोरगा त्यातल्या कोणत्या काँगोत हाय, तेवढं बघून सांगता का?"

बोलणारे हबीबभाई, केज तालुक्यातले बोअरच्या गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. मुलगा इरफान बोअर मारणाऱ्या एका कंपनीत फिटर. सहा वर्षं मस्कतला होता, गेल्या साली कंपनीनं आफ्रिकेत पाठवला. तो फोनवर 'काँगो' एवढंच सांगायचा. आता बरेच दिवस त्याचा फोन नव्हता, आणि टीव्हीवर काँगोतली लढाई दिसत होती. मुंबईचा एजंट फोन उचलत नव्हता. शुक्रवारी घरात मुलीचा निकाह होता. इरफानच्या आईचं म्हणणं होतं, की लढाईच्या मुलखात पोरगा असेल तर घरात निकाहच्या जेवणाची देग चढणार नाही.

इरफाननं पाठवलेला एक व्हिडिओ त्यांनी मला धाडला. चौदा सेकंदांचा. नदीकाठचा बांध, त्यावर एक माणूस जानमाज अंथरून नमाजला उभा राहतो, पलीकडच्या काठावर इमारती. मला त्यावरून काही कळलं नाही.

"कळतंय त्यातून," हबीबभाई म्हणाले. "पण तोंडी न्हाई सांगता येत. उभं राहून दाखवावं लागतं."

मला त्याच आठवड्यात बीड जिल्ह्यातल्याच कडा गावच्या शाळेत बोलायला जायचंच होतं. म्हटलं, दोन दिवस आधी निघू.

मंगळवार: केज

केजच्या बसस्थानकात उतरल्यावर बाहेर काळीपिवळ्या जीप उभ्या होत्या. हबीबभाईंनी फोनवर सांगितलं होतं, "केजहून वडगावला या, कुणालाबी मस्कतवाल्यांचं घर इचारा." मी एका जीपवाल्याला विचारलं, वडगावला जाणार का. तो म्हणाला, बसा.

पाऊण तासानं त्यानं मला एका पारापाशी उतरवलं. मस्कतवाल्यांचं घर कोणालाच माहीत नव्हतं. पारावरच्या एका आजोबांनी विचार करून सांगितलं, "दुबईवाल्याचं हाय एक. चालंल का?"

मी गेले. तो दुबईवाला कतारमध्ये गवंडी होता, हे त्याच्याच बायकोनं सांगितलं. "दुबई कावून म्हणतात मग?" असं मी तिच्याच बोलीत विचारलं, तर ती हसली. "पहिल्यांदा दुबईला गेलते ना. आता काय, पडलं नाव. पुन्ना कुठं बदलायचं?"

तिनं चहा दिला, बशीत ओतून. पुण्यात अनोळखी माणसाला कप मिळतो. इथं बशी मिळते, आणि बशी देणारी समोर बसून ती रिकामी होईपर्यंत प्रश्न विचारते. मी कोण, कुठली, एकटी कशी. मग तिनंच उलगडा केला. हे वडगाव वेगळं. मस्कतवाले राहतात ते युसूफ वडगाव.

परतीला तीच जीप मिळाली. मी तक्रार केली.

"कोणतं वडगाव ते बोलायचं ना ताई," जीपवाला म्हणाला. "तुमी नुसतं वडगाव म्हणालात, मी नुसत्या वडगावला आणलं. आपल्याकडं वडगावं काय एक-दोन हायत?"

मी केजलाच मुक्काम केला. दिवसाचा हिशेब मांडला तर निष्पन्न एवढंच, की बाहेरचा माणूस गावाचं पहिलं नाव विसरतो आणि गावातला ते घेतच नाही.

बुधवार: युसूफ वडगाव

बाजाराचं मोठं गाव. हबीबभाईंचं गॅरेज रस्त्यालाच होतं. दारात बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर उघडा पडलेला, भिंतीशी लोखंडी पाइपांची चळत. हबीबभाई साठीचे, हातात कायम एक फडकं. आत वह्यांच्या कपाटावर माझी चौकट चिकटवलेली होती. कागद पिवळा पडला होता. नकाशावर कोणीतरी बॉलपेननं बाण काढले होते.

मी कालची गंमत सांगितली. ते हसले नाहीत, थोडे ओशाळले.

"आमी वडगावच म्हणतो," ते म्हणाले. "युसूफ कशाला लावायचं, आमाला ठावं हाय ना."

"इरफानही काँगोच म्हणतो."

"तेच तर झालंय." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "त्याचा नंबरबी मस्कतचाच हाय. जुनाच चालू ठेवलाय त्यानं. फोन आला की लिवून येतं मस्कत. गाव आमाला मस्कतवाले म्हणतं. पोरगा कुठं हाय ते सांगणारा एकबी कागद घरात न्हाई. आज अकरा दिस झाले."

मग त्यांनी मला गॅरेजच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले, पश्चिमेला तोंड करून. केजहून येणारा रस्ता डावीकडे राहिला.

"हे बघा. नमाजला तोंड कुणीकडं? किब्ल्याकडं, म्हंजे मक्क्याकडं. मक्का कुठं? पश्चिमेला. म्हणजे इरफानचं तोंड पश्चिमेला. आता व्हिडिओत नदी कुठं हाय?"

मी फोन पाहिला. "डाव्या हाताला."

"पश्चिमेला तोंड केलं तर डावा हात कुठं?"

"दक्षिणेला."

"नदी दक्षिणेला, म्हणजे पोरगा उत्तरेच्या काठाला उभा. आता तुमचा नकाशा बघा. उत्तरेच्या काठाला कोण?"

"ब्राझाव्हिल."

"म्हणजे?"

"छोटा काँगो."

"अन् लढाई?"

"मोठ्यात."

हबीबभाईंनी फडकं हातात घेतलं आणि हात पुसले, स्वच्छच होते तरी. "रातभर मांडलंय हे. पण आमी अडाणी माणसं. कुणीतरी जाणत्यानं म्हणायला पायजे, बरोबर हाय म्हणून."

मी तीनदा तपासलं. व्हिडिओ पुन्हा पाहिला. नदी डावीकडेच होती. नकाशात ब्राझाव्हिल वरच्या काठालाच होती. नोकरीच्या बावीस वर्षांत इतका नेटका तर्क मी संपादकीय बैठकीतही ऐकला नव्हता. मी सांगितलं, बरोबर आहे.

"लिवून देता?"

दिलं. कात्रण कपाटावरून काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला: 'व्हिडिओ पाहता इरफान ब्राझाव्हिलच्या काठावर, म्हणजे छोट्या काँगोत असल्याचे दिसते.' खाली सही, तारीख. 'असल्याचे दिसते' ही जुनी सवय. तेवढी फट वर्तमानपत्रवाले नेहमी ठेवतात. हबीबभाईंनी ती फट वाचली नाही. कागद घेऊन ते घरात गेले.

मागून मला जेवायला बोलावणं आलं. बायकांच्या बाजूला दस्तरखान अंथरलेलं होतं. दालचा आणि ज्वारीची भाकरी. पुण्यात भाकरी पानात वाढतात; इथं चवड मधे ठेवतात, आणि आपण किती खाल्ल्या ते यजमानीण मोजते. कमी झाल्या तर आपल्यावर डाफरते. इरफानची आई जुलेखाबी समोर बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. माझा कागद त्यांच्या मांडीवर होता. वाचता येत नव्हतं, पण सहीवर अंगठा ठेवून बसल्या होत्या.

"लढाई न्हाई तिथं?"

"छोट्या काँगोत नाही."

त्यांनी मान हलवली आणि आत बघून आवाज दिला, "रुबिना, तुझ्या मामूला सांग देगा आणायला." नवरी मुलगी उठली. घरातल्या बायका एकदम बोलायला लागल्या, सगळ्या एकाच वेळी, दखनीत. मला निम्मं कळलं. मला चौथी भाकरी वाढण्यात आली.

गुरुवार: कडा

बीडला गाडी बदलून कड्याला पोचले. जिल्हा तोच, पण दुसरं टोक. इथल्या बोलीला नगरचा वास येतो. रस्त्यावर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. शाळेत भूगोलाच्या शिंदेबाईंनी वर्ग भरवून ठेवला होता. पृथ्वीगोलाचा स्टँड मोडलेला, म्हणून तो पाण्याच्या पितळी तांब्यावर बसवला होता. बाईंनी दोऱ्याचं एक रीळही आणलं होतं. मुलांना अंतरं दाखवायची त्यांची ही रीत: गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणायचा.

मी नेहमीचं बोलले. दोन कोरिया, गिनी नावाचे देश, जॉर्जिया नावाचा देश आणि जॉर्जिया नावाचं अमेरिकेतलं राज्य. मग दोन काँगो. बोट ठेवून दाखवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, काँगोत उभं राहिलं तर आपलं कडा कुणीकडं?"

शिंदेबाईंनी दोऱ्याचं एक टोक किन्शासावर धरलं, दुसरं मी भारतावर. दोरा आफ्रिका ओलांडून समुद्रावरून इकडे आला.

"पूर्वेला," मी म्हणाले. "थोडं उत्तरेकडं. म्हणजे—"

दोऱ्याच्या वरच्या अंगाला, माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर, अरबस्तान होतं.

मी दोरा धरून तशीच उभी राहिले. शिंदेबाईंना वाटलं, पुढचं विसरले. त्यांनी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितलं.

मक्का पश्चिमेला असते, हे बीड जिल्ह्यात जो कोणी राहतो त्याला ठाऊक असतं, मग तो नमाज पढो की न पढो. मशिदीची भिंत पाहून माणसं दिशा सांगतात. पण ती पश्चिमेला आहे आपल्यासाठी. काँगोत उभ्या माणसाला ती ईशान्येला पडते. हबीबभाईंनी केजची पश्चिम उचलून आफ्रिकेत नेली होती, आणि मी तिच्यावर सही केली होती.

शिक्षकांच्या खोलीत बसून पुन्हा मांडलं. तोंड ईशान्येला. नदी डाव्या हाताला, म्हणजे वायव्येला. म्हणजे माणूस आग्नेय काठावर. आग्नेय काठावर किन्शासा. मोठा काँगो.

व्हिडिओ पुन्हा पाहिला, पडताळ्यासाठी. इरफाननं तो घरी रात्री साडेनऊला धाडला, असं हबीबभाईंनी सांगितलं होतं. तिथं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. पाचला सूर्य पश्चिमेला. इरफानचं तोंड पश्चिमेला असतं तर सावली मागे पडली असती. सावली पुढे पडली होती, जराशी उजवीकडे. पहिल्या दिवसापासून ती तिथंच होती. मी पाहिली नव्हती.

हबीबभाईंना फोन लावला. कोणीतरी उचलला, मागे भांड्यांचा खणखणाट. "पाहुणं आल्यात, नंतर करा," म्हणून ठेवला. पुन्हा लावला नाही. चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती छापायची, हा आमचा नियम. ती घरात, कागदावर दिली होती. दुपारच्या गाडीनं मी बीडला आणि तिथून केजला निघाले. वाटेत एवढंच समजत नव्हतं, की लग्नघरात शिरून पहिलं वाक्य काय बोलायचं.

शुक्रवार: युसूफ वडगाव

या वेळी जीपवाल्याला पूर्ण नाव सांगितलं. तो म्हणाला, "शिकलात की."

गॅरेजला कुलूप होतं, घरापुढे मांडव. मागच्या अंगणात तीन देगा चुलीवर. निकाह जुम्याच्या नमाजनंतर होता. वऱ्हाड अंबाजोगाईहून निघालं होतं. हबीबभाई नव्या सदऱ्यात होते. मला पाहून खूश झाले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. उभं राहूनच दाखवावं लागलं: आधी पश्चिमेला, मग वळून ईशान्येला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"परवा बरोबर होतं," ते म्हणाले. "आज चूक. उद्या काय?"

"उद्या हेच. मी सावलीही तपासली आहे."

"परवाबी तीनदा तपासलं होतं तुमी." त्यांनी खिशात फडकं शोधलं, नव्या सदऱ्यात ते नव्हतं. "पेपरवाल्यांचं बरं असतं. सकाळी छापायचं, दुसऱ्या सकाळी म्हणायचं चुकलं. देगा चढल्यात मॅडम. वऱ्हाड वाटेत हाय. मी तिला न्हाई सांगणार. तुमी सही केली, तुमीच सांगा."

मी आत गेले. जुलेखाबी आतल्या खोलीत रुबिनाच्या हातात बांगड्या चढवत होत्या. माझा कागद देवळीत, आरशाच्या मागे खोचलेला होता. मी सांगितलं. रुबिनानं हात मागे घेतला.

"तिथं मक्का पश्चिमेला न्हाई?" जुलेखाबींनी विचारलं.

"नाही. ईशान्येला आहे."

"सगळ्यांची पश्चिमेलाच असती."

"आपल्याकडं. तिथून अरबस्तान उलट्या बाजूला पडतं."

त्यांनी फोन मागितला. मी व्हिडिओ लावून दिला. त्यांनी तो अखेरपर्यंत पाहिला, मग पुन्हा. इरफान जानमाज अंथरतो, एक कोपरा पायानं सरळ करतो, उभा राहतो.

"मग हे पोरगं चुकीच्या बाजूला तोंड करून उभं हाय का?"

"नाही. बरोबर उभा आहे. ईशान्येलाच. सावलीवरून कळतं. चुकलो ते आम्ही, इथं बसून."

हबीबभाई दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "लढाई नेमकी कुठं हाय?"

"पूर्वेच्या टोकाला. किन्शासापासून जवळपास तितकी लांब, जितकं केजपासून श्रीनगर."

"श्रीनगर!" त्यांचा आवाज चढला. "मग हे परवा कावून न्हाई सांगितलं? मुलूख कोणता हे कशाला इचारत बसलो आपन? श्रीनगरला काय झालं तर आपन केजचा बाजार बंद ठेवतो का?"

"ज्याचं पोरगं तिथं हाय तो ठेवतो," जुलेखाबी म्हणाल्या.

मला आणखी एक सांगायचं होतं, तेही सांगितलं. व्हिडिओ जुना आहे. त्या दिवशी इरफान किन्शासाच्या काठावर होता, एवढंच त्यावरून कळतं. आज तो कुठं आहे, हे ना त्यात आहे, ना मला माहीत.

"तेरा दिस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तो माझ्या चौकटीत कधी बसला नसता.

"त्याला कुणी सांगितलं? का तोंड कुणीकडं करायचं ते?"

"तिथल्याच कोणीतरी सांगितलं असेल."

"इथून तर आमी पश्चिमच शिकवून पाठवला. मस्कतलाबी पश्चिमच होती, तो म्हणला होता. तिथं गेला, तर कुणाला तरी इचारलं असंल त्यानं. अन् त्या माणसानं हात धरून दाखवलं असंल." त्यांनी रुबिनाचा हात पुन्हा ओढून घेतला. "म्हणजे तिथं त्याचं कुणीतरी हाय. दिशा दाखवतो तो माणूस पुढं एकटं न्हाई सोडत."

हे तर्कात बसत नव्हतं. मी तसं म्हणाले नाही.

"देगा?" हबीबभाईंनी दारातूनच विचारलं.

"उतरवायच्या कशाला? निकाह होऊ द्या." बांगडी मनगटावर सरकली. "अन् ताई, तुमी तो कागद नीट करा. चुकीचा आहेर न्हाई ठेवायचा घरात."

मी कागद आरशामागून काढला. परवाची ओळ एका रेघेनं खोडली, वाचता येईल अशी. खाली लिहिलं: 'दुरुस्ती. काठ किन्शासाचा. देश मोठा काँगो. लढाई तेथून दूर. इरफान आज कुठे आहे ते माहीत नाही.' यात 'असल्याचे दिसते' नव्हतं. सही केली.

निकाह दोनच्या सुमारास लागला. जेवणाची दुसरी पंगत बसली होती, तेव्हा आतून एका बाईची आरोळी आली.

"मस्कतचा फोन! अरे, मस्कतचा फोन!"

सगळा मांडव उठला. पंगतीतली माणसं खरकट्या हातांनी उभी राहिली. हबीबभाई धावले, आणि दारात थांबले. बायकांच्या खोलीत फोन जुलेखाबींच्या कानाला होता. त्या ओरडत नव्हत्या, रडतही नव्हत्या. लांबच्या फोनवर बोलतात तसं, एकेक शब्द मोठ्यानं, दखनीत बोलत होत्या.

"पहले ये बता. किब्ला किसने बताया रे तेरे कू?"

पलीकडचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्या 'हौ, हौ' करत राहिल्या. मग फोन रुबिनाकडे गेला, तिच्याकडून वडिलांकडे. हबीबभाई अंगणात आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज चिडलेला होता. "गाडी घेऊन आत जंगलात गेलता म्हणं. बोअर मारायला. टॉवर न्हाई तिथं. काल परत आला काठावर." ते माझ्याकडे वळले. "किन्शासाच हाय, मॅडम. तुमचं आजचं बरोबर."

मी आत गेले. जुलेखाबी कागद हातात घेऊन बसल्या होत्या.

"इरफाननं देश कोणता सांगितला, विचारलंत का?" मी म्हणाले. वास्तविक मला कळलेलं होतं. सवयीनं विचारलं.

"ते ह्यांनी इचारलं. मी माणसाचं नाव इचारलं." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि माझ्या दुरुस्तीच्या खाली, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मामादू. गाडीवर त्याच्याबरोबर काम करतो. लिवा."

मी लिहिलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नाव नीट लिहिलंय ना. मी वाचून दाखवलं.